बोरिवलीचं नॅशनल पार्क: एका दिवसात काय काय बघावं?

साधीसुधा
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत कांदिवलीला नणंदेकडे मुक्काम आहे. त्यातला एक अख्खा दिवस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासाठी राखून ठेवलाय. आम्ही नाशिकचे, पांडवलेणी लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे लेण्यांचं तसं अप्रूप नाही. बरोबर सासूबाई आहेत, वय सत्तर, गुडघे कुरकुरतात पण उत्साह दांडगा. शिवाय दोन मुलं, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा बारा वर्षांचा.

नवऱ्याचं म्हणणं, "जाळीच्या बसमध्ये बसून वाघ बघायला मुंबईला कशाला जायचं?" मुलांना मात्र फक्त तेच हवंय. सासूबाईंना उद्यानातली कान्हेरीची लेणी बघायचीच आहेत, कारण लग्नानंतर कधीतरी सासऱ्यांबरोबर त्या आल्या होत्या. मला स्वतःला गर्दी टाळून दोन-तीन तास झाडीत चालायला मिळालं तरी पुरे. हे सगळं एका दिवसात बसतं का? आणि बिबट्याचं काय? नणंद म्हणते, काही होत नाही, पण ती रोज तिथे फिरायला जाते, तिला भीती वाटेनाशी झालीय.

बोरिवलीकर
ताई, सगळ्यात आधी वार बघा. सोमवारी जाऊ नका. उद्यान पर्यटकांना बंद असतं आणि कान्हेरीही. दर सोमवारी फाटकाबाहेर हिरमुसलेली दोन-चार कुटुंबं उभी दिसतातच. रविवार आणि दिवाळीचे मुख्य दिवसही टाळा. मंगळवार ते शुक्रवार कुठलाही घ्या.

नणंद कांदिवली पूर्वेला राहत असेल तर गाडी काढूच नका. आकुर्लीहून मेट्रो पकडा. मागाठाणे, देवीपाडा झालं की "राष्ट्रीय उद्यान" नावाचंच स्टेशन आहे, हायवेवर, फाटकाजवळच. पश्चिमेला राहत असेल तर लोकलने बोरिवली आणि तिथून रिक्षा.

सकाळी लवकर आत शिरा आणि आधी कान्हेरी उरका. मुख्य फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. आतून बस जाते. काळा दगड दहा वाजल्यानंतर तापायला लागतो, नोव्हेंबरातसुद्धा. सफारी, बोटिंग, मुलांची खेळणी हे सगळं फाटकाच्या जवळपास आहे, ते दुपारी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात: सफारीच्या रांगेत सकाळ घालवतात आणि भर उन्हात, भरल्या पोटी लेण्यांच्या पायऱ्या चढतात.

निमूट
सफारी एकदा करावी. दुसऱ्यांदा पैसे वाचवावेत.

लेणीवेडा
>>पांडवलेणी लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे लेण्यांचं तसं अप्रूप नाही

असं म्हणू नका हो! उलट नाशिककरांनी तर कान्हेरी बघायलाच हवी. पांडवलेण्यात २० क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या वर्षाचा लेख आहे ना, त्याच राजाचं नाव कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहातल्या (स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनातल्या) लेखात आहे. शिवाय इथल्या दानलेखांत कल्याण, सोपारा, चौल यांच्याबरोबर नाशिकचंही नाव येतं. म्हणजे तुमच्या गावची माणसं दोन हजार वर्षांपूर्वी इथे येऊन पैसे देऊन गेलीत. तुम्हाला तर फक्त तिकीट काढायचंय.

आता फरक सांगतो. पांडवलेणी चोवीस. इथे शंभराच्या वर. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास सुरुवात झाली आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत वस्ती होती. म्हणजे हजारेक वर्षं सलग नांदता विहार. अजिंठा-वेरूळला लोक कलाकुसर बघायला जातात. कान्हेरीत कलाकुसर बेताचीच आहे. इथे बघायचं ते राहणीमान: भिक्खू कुठे झोपत, कुठे बसत, पाणी कुठून आणत.

पाण्याचंच बघा. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी एक टाकं आहे. लेखांत त्याला "पोढी" म्हटलंय. वर कातळात बारीक पन्हळी खोदल्यात, पाऊस पडला की पाणी वळून नेमकं टाक्यात येतं. एका टाक्यातून दुसऱ्यात, वरून खाली. बारा वर्षांच्या मुलाला हे काम द्या: एक पन्हळ पकड आणि पाणी कुठून कुठे जातं ते शोधून दाखव. दोन तास मोबाइल मागणार नाही, माझा शब्द.

सासूबाईंसाठी: तिकीटखिडकीनंतर थोड्याच पायऱ्या चढल्या की १, २ आणि ३ क्रमांकाची लेणी लागोपाठ लागतात. पहिलं अर्धवट सोडलेलं आहे, नुसते जाडजूड खांब. दुसऱ्यात स्तूप आहेत. तिसरं म्हणजे मोठं चैत्यगृह. त्याच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना समोरासमोर उभ्या बुद्धमूर्ती आहेत, प्रत्येकी बावीस-तेवीस फूट उंच. खाली उभं राहून मान वर करायची, बस. आत गेलात की खांब मोजण्यापेक्षा खांबांचे पाय बघा. पुढच्या काही खांबांना घटाचा पाया, वर हत्ती-घोडे आणि माणसं, आणि मग मध्येच काम थांबलेलं, मागचे नुसते अष्टकोनी. पैसे संपले, की दाता गेला, की कारागीर निघून गेले, कोण जाणे. कार्ल्याचा चैत्य पाहिला असेल तर लगेच कळेल की त्याचीच नक्कल करायला घेतली होती आणि हात तितका बसला नाही. मला मात्र हे अपुरेपण कार्ल्याच्या सफाईपेक्षा जवळचं वाटतं.

सासूबाई इथे निवांत बसू शकतात. सावली आहे, गार आहे. एक मोठं माणूस त्यांच्याजवळ थांबवा आणि बाकीच्यांनी वर जा. ११ क्रमांक, म्हणजे दरबार लेणं, चुकवू नका. आत जमिनीपासून जेमतेम वर उचललेले दोन लांबच लांब दगडी ओटे आहेत, समोरासमोर बसून पठण करत असावेत. असे ओटे वेरूळच्या पाचव्या लेण्यात आहेत. दम असेल तर ४१ मध्ये अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर (बोधिसत्त्व) आहे, भारतातल्या लेण्यांत असं दुसरं शिल्प नाही म्हणतात. आणि ९० क्रमांकात माझी सगळ्यात आवडती गोष्ट: पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतले लेख. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये पारशी मंडळी लेणी बघायला आली आणि आपली नावं खोदून गेली. हजार वर्षांपूर्वीचे पर्यटक! (म्हणून तुमच्या मुलांनी खोदू नये. आता तो गुन्हा आहे.)

मी_पांथस्थ
+१. माथ्यावर नक्की जा. पश्चिमेला इमारती, त्यापलीकडे खाडी आणि मागे वळलं की नुसतं जंगल. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध १०४ चौरस किलोमीटर जंगल आहे, ही गोष्ट आकड्याने डोक्यात शिरत नाही. तिथे उभं राहिलं की शिरते.

साधीसुधा
लेणीवेडा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो गप्प झाला, म्हणजे तयार आहे. सासूबाईंनी विचारलंय, "तिथे महाशिवरात्रीला जत्रा भरायची, ती अजून भरते का?"

आजोबा६८
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. महाशिवरात्रीला कान्हेरीला अजूनही लोटतात लोक, बेस्ट जादा बस सोडते. बौद्ध लेण्यात महाशिवरात्र कशी, हे विचारायचं नाही. लोकांना डोंगर, गुहा आणि पाण्याचं टाकं दिसलं की पुरतं.

आमच्या लहानपणी याला कृष्णगिरी उपवन म्हणत. फाटकाजवळच्या भागाला अजून तेच नाव आहे. तेव्हा टेकडीवरचं गांधी स्मारक हे मुख्य आकर्षण. आता तिथे फार कोणी चढत नाही, पण ताई, तुम्ही चढा. फाटकापासून जवळ आहे, चढ सोपा आहे आणि वर छत्रीखाली वारा लागतो. कान्हेरी झेपणार नाही अशा वयस्कर लोकांना मी हमखास गांधी टेकडी सुचवतो.

आणि वनराणी, ती मुलांची छोटी आगगाडी! बोगद्यात शिरली की पोरं एका सुरात किंचाळायची. मे २०२१ च्या तौक्ते वादळात रुळांचं नुकसान झालं आणि गाडी बंद पडली. निघण्याआधी नणंदेला विचारून घ्या चालू आहे का, ती रोज जातेच आहे. चालू असेल तर सात वर्षांच्या मुलीला दुसरं काही दाखवलं नाहीत तरी चालेल.

ऐनाचं_झाड
लेणी आणि वनराणी यातच धागा संपायचा, म्हणून मध्ये घुसतो.

साधीसुधा, तुम्ही लिहिलंय की झाडीत चालायचंय. मग जाताना कान्हेरीपर्यंत बसने जा आणि येताना निदान काही अंतर चालत या. डांबरी रस्ता आहे, उतार आहे, वाट चुकायचा प्रश्न नाही. सासूबाईंना एका मोठ्या माणसाबरोबर बसने परत पाठवा. सायकली भाड्याने मिळतात, मुलगा चालवत असेल तर तोही पर्याय आहे. पण सायकलवरून काही दिसत नाही हे माझं ठाम मत.

काय दिसेल? नोव्हेंबरात पाऊस नुकताच सरलेला असतो, ओढ्यांना थोडं पाणी असतं, गवत पिवळं पडायला लागलेलं. फुलपाखरांसाठी उत्तम दिवस. ओल्या मातीवर घोळक्याने बसून क्षार चोखत असतात, तिथे वाकून बघा. काळ्या-निळ्या मखमली पंखांचं भलंमोठं फुलपाखरू दिसलं तर ते ब्लू मॉरमॉन, आपलं राज्य फुलपाखरू. २०१५ साली तसं जाहीर झालं. पक्ष्यांत हळद्या, तांबट, सातभाई हे सहज. शेपटीला दोन लांब तारा लावल्यासारखा काळा पक्षी उडताना दिसला तर तो भृंगराज, आणि तो इतर पक्ष्यांच्या नकला करतो, तेव्हा आवाजावर विश्वास ठेवू नका. वर घिरट्या घालत शीळ मारणारा मोठा पक्षी बहुतेक सर्पगरुड असतो. स्वर्गीय नर्तक दिसला तर इथे येऊन सांगा, मी जळेन.

झाडांत कांडोळ ओळखा. पांढरट, गुळगुळीत खोड, पानं गळली की रात्री भूत उभं असावं तसं दिसतं. पळस, पांगारा, काटेसावर फुललेली बघायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा या.

करवी मात्र हुकली तुमची. इथली करवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ ला फुलली, मग २०२४ ला, आता थेट २०३२. फुलून बी पडलं की झुडूप वाळून जातं. रस्त्याकडेला उताराच्या कातळावर वाळक्या काठ्यांची गचपण आणि त्याखाली कोवळी रोपं दिसतील, तीच. त्या काठ्यांचे कूड विणून, वर माती-शेण लिंपून वारली लोक घराच्या भिंती करतात. उद्यानात अजून त्यांचे पाडे आहेत, नवापाडा, चुनापाडा वगैरे.

घाटावरची_मैना
करवीचा सगळा डोंगर जांभळा झालेला २०२४ ला ठाण्याकडच्या येऊरच्या बाजूने पाहिला होता. मधमाश्या इतक्या की बोलणं ऐकू येत नव्हतं.

निमूट
त्या वेळी सेल्फीवाले पण तितकेच होते.

कोकणकन्या
बिबट्याच्या प्रश्नाला सगळे बगल देतायत का?

ठाण्याचा_पक्षी
बगल नाही हो, पण लिहायला वेळ हवा.

बिबटे आहेत, भरपूर आहेत. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅपच्या (जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) मोजणीत उद्यान आणि आजूबाजूला मिळून ३५ निघाले होते, पुढच्या मोजण्यांत आकडा पन्नासच्या वर गेला. एवढ्याशा जागेत इतके बिबटे जगात फार कमी ठिकाणी असतील. हरणं, डुकरं, माकडं खातातच, पण कडेच्या वस्त्यांतले भटके कुत्रे हे त्यांचं मोठं खाणं आहे. कचरा जास्त तिथे कुत्रे जास्त, आणि कुत्रे जास्त तिथे बिबट्या. साधं गणित.

२००२ ते २००४ या काळात हल्ल्यांची मालिका झाली होती, जुन्या लोकांना आठवत असेल. तेव्हा दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून इथे सोडले जात. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, त्यामुळे हल्ले वाढले असावेत, असं अभ्यासकांचं म्हणणं पडलं. पुढे २०११ मध्ये "मुंबईकर्स फॉर एसजीएनपी" (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा उपक्रम वनखात्याने अभ्यासक आणि नागरिकांना बरोबर घेऊन सुरू केला. बिबट्या दिसला म्हणून लगेच पिंजरा लावायचा नाही, कचरा उचला, दिवे लावा, रात्री मुलांना एकटं बाहेर पाठवू नका, असं घरोघर सांगितलं. पाड्यांवर हे शहाणपण आधीपासूनच होतं. वारली लोक वाघोबाला देव मानतात, पाड्यांजवळ त्याची ठाणी आहेत. तुम्ही वसुबारसेला गायीची पूजा कराल, त्याच दिवशी तिकडे वाघबारस असते.

आता तुमच्यासाठी. दिवसा, पर्यटकांच्या भागात, माणसांच्या वर्दळीत तो तुमच्यासमोर येण्याची शक्यता नगण्य. तो तुम्हाला बघून केव्हाच बाजूला झालेला असतो. तरीही सात वर्षांची मुलगी पुढे धावत जाणार नाही एवढं बघा, लघवीला म्हणून झुडपात एकटीला सोडू नका, आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडा. दिसलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, मुलीला उचलून घ्या आणि हळूहळू मागे सरका.

साधीसुधा
हे वाचून भीती कमी झाली की वाढली ते ठरवतेय. मुलगा मात्र आता बिबट्या दिसलाच पाहिजे म्हणतोय.

ठाण्याचा_पक्षी
त्याला चिखलातले ठसे शोधायला सांगा. ओढ्याच्या कडेला हरणाचे, कुत्र्याचे मिळतील. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजरवर्गीयांच्या ठशात उमटत नाहीत. एवढं माहीत असलं तरी तो दिवसभर जमिनीकडे बघत चालेल.

खादाडखाऊ
सगळे जंगलात, आणि पोटाचं कोण बघणार?

आत खाण्याची सोय जेमतेम. डबा घरून घ्या, पण प्लास्टिकच्या पिशव्यांत नाही, फाटकावर तपासणी होते. स्टीलचा डबा, कापडी पिशवी. कान्हेरीला डबा उघडायचा असेल तर आधी माकडांची जनगणना करा. तिथली माकडं पिशवीच्या चेनचा आवाज ओळखतात. चहाचा कप हातातून, चश्मा नाकावरून, बिस्किटचा पुडा तर विचारूच नका. खायला घालू नका, आणि हिसकावलं तर झटापट करू नका, चावतात. डबा खाली फाटकाकडे आल्यावर उघडणं शहाणपणाचं.

रस्त्याकडेला पाड्यांवरच्या बायका टोपल्या घेऊन बसतात: काकडी, पेरू, आवळे, चिंचा. तिखट-मीठ लावून देतात. तेच घ्या. जूनमध्ये आलात तर शेवळं ही रानभाजी मिळते. सोबत काकडं (आंबट रानफळं, काकडी नव्हे) मागून घ्या, ती घातली नाहीत तर घसा असा खाजतो की जन्मात शेवळं खाणार नाही. पावसाळ्यात कंटोळी, कुर्डू, टाकळा. नोव्हेंबरात यातलं काही नाही.

कोकणकन्या
शेवळाच्या कण्या की भाजी? खीमा घालून करतात ती पाकृ आहे का कोणाकडे?

खादाडखाऊ
आहे. नवा धागा काढा, तिथे देतो. इथे दिली तर लोक मारतील.

मुलुंडचा_राजा
माफ करा, पण एक कडवट गोष्ट. सगळे इतकं कौतुक करताय, तिकडे ठाणे-बोरिवली जुळा बोगदा याच उद्यानाच्या पोटातून जातोय, ११.८ किलोमीटरचा प्रकल्प. शेजारी आरेत मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडली ते पाहिलंच. पुढच्या पिढीला दाखवायला काय राहणार?

बोरिवलीकर
बोगदा जमिनीखालून आहे हो, वरचं जंगल तोडून नाही. घोडबंदर रस्त्यावर रोज दोन तास अडकणाऱ्या माणसाला विचारा.

ऐनाचं_झाड
जमिनीखालून म्हणजे पाण्याच्या वाटांमधून. त्याचं काय होतं ते दिसायला वर्षं लागतात. पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही याच उद्यानात. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा विहारमधून मिळालं. त्याआधी शहर विहिरी आणि टाक्यांवर जगत होतं. आजच्या मुंबईच्या तहानेपुढे ते पाणी थोडंच, पण हे जंगल टिकलं त्यात तलावांच्या पाणलोटाचा मोठा वाटा आहे. पाणी राखायचं म्हणून आजूबाजूचा डोंगर राखला गेला. दोन्ही तलावांवर सामान्य पर्यटकांना जाता येत नाही, ते बरंच आहे.

बोटिंगच्या तळ्याला पाणी देते ती दहिसर नदी. तुळशीच्या बाजूला उगम, उद्यानातून वाहते तोवर खळाळती, स्वच्छ. फाटकाबाहेर पडली, की पुढे श्रीकृष्णनगर, दहिसरकडे बघवत नाही. मुलांना बोटीत बसवाल तेव्हा हे सांगा आणि परत जाताना बाहेरचा पूलही दाखवा. एकच नदी, मध्ये फक्त एक भिंत.

मुलुंडचा_राजा
मान्य. बोगद्यावर वेगळा धागा आहे, तिकडे भांडतो. इथे हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

मी_पांथस्थ
साधीसुधाताई, पुढच्या वेळी मुलं थोडी मोठी झाली की शिलोंडा करा. कान्हेरीच्या रस्त्याच्या एका बाजूला ओढ्याकाठची वाट आहे, दगडांवरून, पाण्यातून. स्वतःहून शिरायचं नाही. फाटकाजवळच्या निसर्ग माहिती केंद्रातून परवानगी आणि वाटाड्या घेऊन जायचं, त्यांचे ठरलेले निसर्गभ्रमंतीचे कार्यक्रम असतात. आधी फोन करून नावं नोंदवा. ठाण्याकडून येऊर आणि उत्तरेला घोडबंदरपलीकडे नागला बंदर हेही याच उद्यानाचे भाग. नागल्याला जंगल थेट खाडीच्या तिवरांपर्यंत उतरतं. तिकडे गर्दी जवळपास नसते.

जुलै-ऑगस्टमध्ये कान्हेरीच्या दरीत धबधबे कोसळतात, फोटो सुंदर येतात. पण मुलांना घेऊन तेव्हा नका जाऊ. कातळ शेवाळलेला असतो आणि ओढा बघता बघता चढतो. दर पावसाळ्यात कोणीतरी वाहून गेल्याची बातमी येतेच.

घाटावरची_मैना
पावसाळ्याचं एक मात्र सांगायला हवं: ॲटलास पतंग. पंख पसरले की जवळजवळ वीतभर, टोकाला सापाच्या डोक्यासारखी नक्षी. मोठा झाल्यावर त्याला तोंडच नसतं, काही खात नाही, अळी असताना साठवलेल्यावर आठवडाभर जगतो, जोडीदार शोधतो आणि संपतो. मागच्या श्रावणात रस्त्याकडेच्या भिंतीवर बसलेला दिसला, आम्ही पंधरा जण अर्धा तास तिथेच.

साधीसुधा
सगळ्यांचे मनापासून आभार. आता ठरलं ते असं: बुधवारी जायचं, मेट्रोने. आधी बसने कान्हेरी. सासूबाई आणि नणंद तिसऱ्या लेण्यात थांबणार (सासूबाई म्हणाल्या, "मी चैत्यातच बसेन, तुम्ही काय ते टाकी मोजा"). आम्ही चौघं वर. मग त्या दोघी बसने खाली, आम्ही चालत, मुलगी दमली की तिथून बस. डबा खाली. दुपारी सफारी की बोटिंग यावर मतदान बाकी आहे.

एकच शंका: चालत येताना मधूनच बस थांबवता येते का?

बोरिवलीकर
बसमध्ये जागा असली आणि हात दाखवला तर सहसा थांबवतात, पण भरलेली असली तर पुढे निघून जाते. त्यामुळे मुलीच्या पायांचा अंदाज घेऊनच चाला. नाहीतर उलटं करा: बसने थेट खाली या आणि फाटकापासून आत दोनेक किलोमीटर चालून परत फिरा. तोही रस्ता झाडीतलाच आहे, आणि दमलात तर कुठेही मागे वळता येतं.

सफारीबद्दल: मतदान नको, मुलांना जाऊ द्या. सिंह इथल्या जंगलात कधी नव्हते आणि हे वाघ कुंपणात वाढलेले आहेत, हे आधीच सांगून टाका म्हणजे फसवल्यासारखं वाटणार नाही. जाळीपलीकडून का होईना, चार हातांवर वाघ आळोखेपिळोखे देताना पाहिला की सात वर्षांच्या पोरीला तेवढं पुरतं. फक्त खाली उतरल्या उतरल्या सफारीचं तिकीट काढून वेळ घ्या आणि मग डबा उघडा. जेवून गेलात तर रांग तुमच्या आधी लागलेली असेल.

निमूट
आणि बसमध्ये खिडकीची जागा मुलांना द्या. नवऱ्यांना पण हवी असते.

लेणीवेडा
बॅटरी घेऊन जा. चांगली, मोबाइलची नव्हे. ११ आणि ९० मध्ये कोरीव काम भिंतीच्या अंधारात आहे, बाजूने तिरका उजेड टाकला तरच उठून दिसतं. आणि ९० ला पोचलात तर पहलवी अक्षरांचा फोटो इथे टाका, माझा जुना फोटो अगदीच धूसर आलाय.